जामला जाम झालेली साडेतीनशे : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

नागपूरच्या महाल भागातल्या मामांच्या वाड्यात न्हाणीमागची खोली आज उघडली. वरची जुनी गादी, पंख्याची दोन पाती आणि तुटका पाळणा बाजूला केला आणि गाडी अंगणात ओढली. राजदूत ३५० मोटरसायकल, एचटी (हाय टॉर्क, जास्त ताकदीची), मामांनी १९८४ मध्ये घेतलेली. टाकीत गंजाचा पाला, सीटमध्ये उंदरांचा संसार. किकवर उभा राहिलो तर पायाखाली दगड. तसूभर हलेना.

घरातली गोष्ट अशी. मे १९९३ मध्ये मामा-मामी हिंगणघाटला लग्नाला निघाले. उशीर झालेला. मामी म्हणाल्या, "जरा जोरात घ्या." मामांनी घेतली. भर दुपारी, नेमकं वाटेतल्या जाम गावच्या चौरस्त्याच्या अलीकडे इंजिन जाम झालं आणि मागचं चाक लॉक झालं. मामांनी क्लच दाबला म्हणून दोघं वाचली. जामला गाडी जाम झाली, हा विनोद आमच्याकडे एकतीस वर्षं प्रत्येक लग्नात होतो. त्याच्या शेवटी मामांचं वाक्य ठरलेलं: "ऊन होतं वरून, अन् हे होती मांगून."

मामी तेव्हा काहीच बोलत नाहीत. ताटं उचलतात.

आज काढलेले स्पार्क प्लग तेव्हापासून तिथेच होते. उजव्याचं टोक चहासारखं तपकिरी. डाव्याचं चुन्यासारखं पांढरं, त्यावर मोहरीहून बारीक चकाकते ठिपके. दोन्ही प्लग वेगवेगळ्या डब्यांत, चिठ्ठी लावून ठेवले. दोन्ही भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं.

२१ जानेवारी

आठवडाभर मुरलं. हेड काढले. उजवा पिस्टन स्वच्छ. डाव्याच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचे ओघळ थेट सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेले, मेणबत्तीचं मेण भिंतीवर गळावं तसे. सागवानी ठोकळा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकत बसलो. दोन तासांनी "कट्" असा आवाज आला आणि क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा, फिरला.

मामा खुर्ची घेऊन बाजूलाच होते. "काय करून राहिला बे? हळू मार. बाळंतपण नाही होऊन राहिलं तिथं."

मी विचारलं, "मामा, ऊन तर दोन्ही सिलिंडरला लागत होतं ना? मग डावाच काहून गेला?"

ते म्हणाले, "डाव्या अंगानं ऊन येत होतं." दुपारी एक वाजता सूर्य डोक्यावर असतो. त्यांनाही ते कळलं असावं, कारण नंतर थोडा वेळ ते पेपर वाचत होते.

२८ जानेवारी

उन्हाचं डोक्यातून जाईना म्हणून गणित मांडलं. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. कार्ब्युरेटर पेट्रोल मात्र साधारण तेवढंच सोडतो. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात मिश्रण उलट रिच (पेट्रोल जास्त) होतं, लीन (हवा जास्त) नाही. एअर-कूल्ड इंजिनाला गरम वारा कमी थंड करतो, हे खरंच. पण त्याने प्लग पांढरा पडत नाही. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त.

आणि टू-स्ट्रोक जुळ्या, म्हणजे दोन सिलिंडरच्या, इंजिनात शेजारचा सिलिंडर हा साक्षीदार असतो. तोच रस्ता, तेच ऊन, तेच पेट्रोल, तीच मूठ. उजवा शाबूत आहे. तेव्हा जे काही झालं ते फक्त डावीकडे झालं.

संशयितांची यादी: डावा कार्ब्युरेटर, डावीकडच्या ठिणगीचं टायमिंग, डावीकडे जाणारं ऑइल. क्रँक हाताने फिरवून पाहिला, खालीवर हलवला. ठीक वाटला. हात लावणार नाही. (ही ओळ नंतर खोडावीशी वाटली होती. खोडत नाही.)

११ फेब्रुवारी

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजला. उजवा ६४ मिमीच्या अगदी जवळ, म्हणजे कधी बोअरिंग झालंच नाही. स्ट्रोक (पिस्टनची खालीवर चाल) ५४. हा आकडा लिहिताना थांबलो, कारण ६४ बाय ५४ हे माप या गाडीच्या एकटीचं नाही. यामाहाच्या टीझेड ३५० या शर्यतीच्या गाडीचंही तेच.

एस्कॉर्ट्सची साधी राजदूत, १७५ वाली, पोलंडच्या एसएचएलवरून आलेली. दूधवाले आणि तलाठी यांची गाडी. साडेतीनशेचं कूळ पूर्ण वेगळं. १९७० मध्ये यामाहाने आर५ काढली, आडव्या चिरेचा क्रँककेस (क्रँक बसतो ती पेटी) असलेली. वरचा अर्धा, खालचा अर्धा, मध्ये क्रँक. इंजिन उलटं केलं, खालचा अर्धा उचलला की गिअरबॉक्स आणि क्रँक ताटात वाढल्यासारखे समोर. त्याच क्रँककेसवर शर्यतीची टीआर३ उभी राहिली. १९७२ मध्ये डॉन एमडीने त्या ३५० वर अमेरिकेतली डेटोना २०० ही शर्यत जिंकली, समोर ७५० च्या गाड्या असताना. डेटोना २०० मध्ये टू-स्ट्रोकचा तो पहिला विजय. पुढच्या वर्षी फिनलंडच्या यार्नो सारिनेनने तीच शर्यत पुन्हा ३५० वर मारली, आणि त्याच मे महिन्यात मोंझाच्या शर्यतीत अपघातात त्याचा जीव गेला. १९७३ मध्येच टीझेड ३५० पाण्याने थंड होणारी झाली आणि रस्त्यावरच्या गाडीचं नाव आरडी ३५० झालं. आरडी म्हणजे 'रेस डेव्हलप्ड' असं सगळेच सांगतात. १९८० मध्येसुद्धा, म्हणजे कंपनीचं लक्ष भलतीकडे गेल्यावर, दक्षिण आफ्रिकेच्या जॉन एकेरोल्डने स्वतःच्या जिवावर, इटलीच्या बिमोटा कंपनीच्या चासीत टीझेडचं इंजिन घालून ३५० ची जागतिक स्पर्धा जिंकली.

आपल्याकडे १९८३ मध्ये आली ती १९७५ च्या आरडी ३५० बी वरून. जपानी गाडी ३९ हॉर्सपॉवरची. इथे पेट्रोल पिते म्हणून पाइप आणि पोर्ट आवळले: एचटी ३०.५ ची, नंतरची एलटी (लो टॉर्क) २७ ची. पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम दिला, हे मला आजही पटत नाही. इंजिन आवळलं ते समजू शकतो, पण थांबायचं सामान कमी करून धावायचं ठेवणं? लोक घाबरले ते बहुतेक या ड्रममुळे. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतींत मात्र याच गाड्या लोकांनी पुन्हा मोकळ्या केल्या आणि पळवल्या.

टीझेडला रीड व्हॉल्व्ह नव्हता, पिस्टनच इनटेक उघडायचा-मिटायचा. रस्त्यावरच्या आरडीला मात्र दिला. स्टीलच्या पातळ पट्ट्या: इंजिन ओढतं तेव्हा उघडतात, उलट ढकलतं तेव्हा मिटतात. त्यामुळे कमी आरपीएमवरही कार्ब्युरेटरमधून मिश्रण उलट थुंकलं जात नाही. सीताबर्डीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर गाडी चालते ती या पट्ट्यांमुळे. म्हणून पिस्टनला मागच्या बाजूला खिडक्या कापलेल्या असतात. नवा पिस्टन घालताना डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे हवा. उलटा घातला तर खिडक्या भलतीकडे जातात.

२५ फेब्रुवारी

दोन्ही सिलिंडर ०.५० ओव्हरसाइजला, म्हणजे अर्धा मिमी मोठे. बोअर ६४.५०, म्हणजे इंजिन आता ३५३ सीसीचं. कॉटन मार्केटजवळचे लेथवाले काका. मी पिस्टन न देता सिलिंडर ठेवून निघालो तर त्यांनी मागून हाक मारली. "पिस्टन दिल्याबिगर बोअर नाही होत, भाऊ. अंगठी पाह्यल्याबिगर बोट कापतो का कोनी?"

पिस्टनचा पहिला जोड परत केला. डबा मूळ कंपनीचा छापलेला, आतला माल कुठला तरी. दोन पिस्टनच्या वजनात काट्यावर सात ग्रॅमचा फरक. दुकानदार म्हणाला, सगळे हेच घालतात. दुसरा जोड पुण्याहून मागवला. पंधरा दिवस गेले, पैसे दीडपट. काकांनी सहा शतांश मिलिमीटर मोकळीक ठेवली आणि पोर्टच्या कडा हाताने गोल केल्या.

१० मार्च

जुळणी. रिंगांची टोकं पिस्टनच्या खाचेतल्या पिनवर बसली की नाही ते दोनदा पाहिलं. टायमिंगसाठी प्लगच्या भोकात डायल गेज लावला. दोन पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क), दोन कंडेन्सर, दोन कॉइल, प्रत्येक सिलिंडरचा संसार वेगळा. वरच्या टोकाआधी २ मिमी. डावीकडचा जुना पॉइंट जवळपास बरोबर होता. एक संशयित कमी.

ऑटोल्यूबचा पंप: मूठ आणि इंजिनाचा वेग, दोन्हींवरून ऑइल मापून सोडतो, प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी. डावी नळी सोडवून धरली, क्रँक फिरवला. थेंब आला. दुसरा संशयित कमी.

२४ मार्च, होळी

सातव्या किकला सुरू झाली. संपूर्ण वाडा पांढऱ्या धुरात. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन विचारतात, "होळी संध्याकाळी आहे ना?" मामा उठून उभे राहिले. आवाज ऐकला आणि काहीच न बोलता आत गेले. मामींनी आतूनच विचारलं, "झाली का चालू ते?"

३१ मार्च

फुटाळा तलावापर्यंत आणि परत, चार हजार आरपीएमच्या आत. मामांचा चेहरा पाहून मी खूश होतो, पण गाडी खूश नव्हती. मूठ पूर्ण सोडली तरी आरपीएम खाली यायला वेळ लागतो. सिग्नलला उभं राहावं आणि इंजिन स्वतःच तीन हजारांवर ताणून राहावं, मग हळूहळू उतरावं. घरी येऊन प्लग काढले. उजवा तपकिरी. डावा पांढरा.

जानेवारीत चिठ्ठी लावून ठेवलेला प्लग काढला आणि नव्याशेजारी धरला. एकतीस वर्षांचं अंतर, रंग तोच.

नवा बोअर, नवा पिस्टन, बरोबर टायमिंग, ऑइल येतं आहे. तरी पांढरा. याचा अर्थ मी अजून मूळ कारणाला हातच लावलेला नाही. पिस्टन गेला तो परिणाम होता. मी परिणाम दुरुस्त करून बसलो.

७ एप्रिल

डाव्या कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट टाकून पाहिला. दोन्ही कार्ब्युरेटर आलटून पालटून पाहिले. पांढरेपणा डावीकडेच राहिला, म्हणजे कार्ब्युरेटर निर्दोष. हवा दुसरीकडून येते आहे. इनटेकच्या रबरावर, सिलिंडरच्या बुडाच्या पॅकिंगवर फवारा मारून पाहिला, आरपीएम जरासुद्धा बदलले नाहीत. तिथून हवा जात असती तर बदलले असते.

१९ एप्रिल

मतदान केलं. सुट्टी. बोटाला शाई आणि हाताला ग्रीस.

टू-स्ट्रोकचा क्रँककेस हाही पंप असतो, हे आपण फोर-स्ट्रोकवाले विसरतो. पिस्टन वर गेला की खाली निर्वात होतो आणि मिश्रण ओढलं जातं, पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून वर ढकललं जातं. त्या पेटीला कुठेही चीर असली तर ती मिश्रणाबरोबर कोरडी हवा ओढते. ती चीर शोधायची तर पेटीत हवा भरून किती टिकते ते बघायचं.

एक्झॉस्ट आणि इनटेक दोन्हीकडे सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि प्लायवुड कसून बुचं मारली. एका जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं फोडून त्याला नळी बसवली. आणि पंप? मामांचं बीपीचं यंत्र. गोल काट्याचं, तीनशेपर्यंत आकडे असलेलं. जुने जाणकार ६ पीएसआय दाबावर हवा सहा मिनिटं टिकली पाहिजे म्हणतात. ६ पीएसआय म्हणजे बीपीच्या मापात ३१० च्या आसपास, यंत्राच्या शेवटच्या आकड्याच्या जरा पुढे. मी २८० वर ठरवलं. दोन्ही सिलिंडरमधला मधला सील (शाफ्टभोवती हवा अडवणारी कडी) हा रबराचा नसतो, नुसत्या खाचांचा चक्रव्यूह असतो, त्यातून हवा इकडून तिकडे जाते. म्हणून दोन्ही बाजू एकदम बंद कराव्या लागतात.

मामा : "माझं बीपी मोजायचं सोडून गाडीचं मोजून राहिला."

फुगा दाबत गेलो. २८०. दाबणं थांबवलं. घड्याळ बघायची गरजच पडली नाही, एका मिनिटाच्या आत ९० वर. कुठेतरी बारीक "स्स्स". साबणाचं पाणी हेडला लावलं, काही नाही. बुडाला लावलं, काही नाही. डावीकडचं झाकण उघडून अल्टरनेटरचा रोटर पुलरने काढला आणि त्यामागच्या ऑइल सीलवर ब्रशने साबण सोडला. काही सेकंद नुसताच ओला. मग सीलच्या ओठाखालून, साधारण चार वाजताच्या जागी, एक फुगा आला, फुटला, दुसरा आला, आणि मग फेस, म्हशीच्या धारेला येतो तसा. मी मामांना हाक मारली. दोघंही वाकून एका फुग्याकडे बघत होतो.

"हे?" मामा म्हणाले. "एवढंसं?"

आता डावाच का, ते नीट कळलं. उजव्या बाजूचा सील क्लचकडे, तो कायम गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये भिजलेला. तो गेला तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, गाडी धूर ओकते आणि सगळ्या गल्लीला कळतं. डावा सील अल्टरनेटरकडे, कोरडा. तो वाळतो आणि गुपचूप हवा घेतो. धूर नाही, आवाज नाही. उलट गाडी थोडी चपळ वाटते, कारण लीन मिश्रण सुरुवातीला तेज पळतं.

"जामच्या आधी आठ-पंधरा दिवस गाडी कशी वाटत होती?" मी विचारलं.

मामा बराच वेळ गप्प. "भारी पळत होती बे."

२८ एप्रिल

इंजिन उतरवलं, उलटं केलं, खालचा अर्धा उचलला. सील हातात घेतला. नखाने ओठ खरवडला तर काळी भुकटी पडली.

मामांनी आज नवा बचाव मांडला: सील तेव्हा चांगला होता, एकतीस वर्षं पडून वाळला. बचाव वाईट नाही, रबर पडूनही वाळतंच. पण क्रँकच्या शाफ्टवर, बरोबर ओठ बसतो तिथे गोल खाच पडलेली आहे, नख अडकेल एवढी. खाच पडून पडून पडत नाही, फिरून पडते. आणि ही गाडी शेवटची फिरली ती मे ९३ मध्ये. तेव्हाचा पांढरा प्लग आहेच.

मामांनी चष्मा लावून खाच पाहिली. नख फिरवलं. "हं" म्हणाले.

१२ मे

क्रँक काकांकडून आला. दाबून बसवलेला क्रँक असतो हा, तुकडे प्रेसवर सुटे करायचे, बेअरिंग बदलायची आणि पुन्हा दाबून सरळ करायचा. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला तर काटा दोन शतांशांत. तांब्याच्या हातोडीने इतकं सरळ करणारे नागपुरात आता किती राहिले असतील? काकांचा मुलगा हिंजवडीला आहे. नवा सील थोडा आत सरकवून बसवणार, म्हणजे ओठ खाचेवर न येता कोऱ्या जागी येईल.

१९ मे

पुन्हा बीपीचं यंत्र. २८०. सहा मिनिटांनी २७६. मामांचं त्यानंतर मोजलं, १५०.

२६ मे

सकाळी साडेपाचला निघालो, मामा मागे. ऊन वाचवायला नाही, मामांच्या पाठीसाठी. बुटीबोरीला तर्री पोहे. जाम चौरस्ता आल्यावर मामांनी खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली. आता तिथे सगळं बदललं आहे, चौपदरी रस्ता, उड्डाणपूल. तरी त्यांनी अंदाजाने जागा दाखवली. मी तिथेच रस्त्याच्या कडेला प्लग काढले. उजवा तपकिरी. डावा तपकिरी. मूठ सोडली की आरपीएम लगेच खाली येतात.

परत येईपर्यंत मामी स्वयंपाक करून बसल्या होत्या. जेवताना मी सगळं सांगितलं: सील, खाच, दोन प्लग. मामा वरणभात कालवत होते, वर बघितलं नाही.

मामी म्हणाल्या, "ते रबर कुठं आहे?"

आणून दिलं. त्यांनी पदराने पुसलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये, लग्नपत्रिका ठेवतात तिथे, ठेवून दिलं.

"यंदा पुतणीचं लग्न आहे," त्या मामांना म्हणाल्या. "तिथं सांगा आता ते जामची गोष्ट."

शिल्लक कामं: मागच्या इंडिकेटरची वायर, टाकीचा रंग, पुढच्या ड्रमचे लायनर.